अर्ध्या छपराची शाळा

पहिल्याच दिवशी मी चुकीची इमारत धोकादायक ठरवली.

टाकवे बुद्रुकच्या पुढे, चढावरच्या एका वाडीतली शाळा पाडून नवी बांधायची होती. मी लोणावळ्याचा. तुंगार्लीत आणि पवनानगरकडे शनिवार-रविवार काढायला येणाऱ्या मंडळींसाठी लाकडी कॉटेज बांधणं हा माझा धंदा. शाळा कधी बांधलेली नव्हती. वाडीत शिरलो तर एका पक्क्या इमारतीतून पाढे ऐकू येत होते, आणि पायरीपाशी चिमुकल्या चपलांचा ढीग. पाढे आणि चपला, म्हणजे शाळा. खिशातून हातोडी काढली, भिंतीवर टकटक केलं. एका जागी गिलावा जरा पोकळ वाजला, तशी लाल खडूनं तिथं ठसठशीत फुली मारली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. तेवढ्यात आतून एक बाई केरसुणी घेऊन बाहेर आली.

"ओ भाऊ, काय चाललंय?"

"मावशी, ही पाडायची आहे ना?"

"पाडायची?" मावशीनं केरसुणी नीट धरली. "आमी बायांनी मजुरीचं पैसं घालून विहार बांधला, अन् तू पाडाया आलास व्हय? आत बुद्ध बसल्यात, दिसंना का तुला?"

मी आत डोकावलो. बुद्धमूर्ती होती, समोर मुलं होती, आणि ती सगळी पाढे सोडून माझ्याकडे बघत होती.

"मग शाळा कुठाय?"

"शाळा तिकडं, पडाया झाल्याली."

"मग ही मुलं?"

"ही शाळंची. अर्धी."

"आणि बाकीची अर्धी?"

"ती देवळात. गुरुजी सकाळी हितं, दुपारी तितं." सगळ्या शाळा अशाच भरतात अशा आवाजात मावशी म्हणाली. ही हिरामावशी. पुढे तिची-माझी चांगली ओळख झाली, पण त्या दिवशी मी रुमालानं फुल्या पुसायला लागलो आणि लाल रंग आणखीच पसरला. शेवटी पुढच्या खेपेला डिस्टेंपरचा डबा घेऊन गेलो आणि ती भिंत रंगवून दिली. "आता बाकीच्या तीन भिंती मळक्या दिसत्यात," म्हणून मावशीनं त्याही रंगवून घेतल्या.

घरी एवढा भाग मी पुष्कळदा सांगितलाय. लग्नाकार्यात चार नातेवाईक जमले की आमची मुलंच म्हणतात, "बाबा, फुल्यांचं सांगा." लोक हसतात, मीही हसतो आणि तिथंच थांबतो. त्याच्या पुढचं सांगायचं मी टाळत आलोय. दिवाळी अंकासाठी धंद्यातला एखादा अनुभव लिहून द्या म्हणून संपादक मागे लागले, तेव्हा आमची ही म्हणाली, "पुढचं लिहा. तेवढंच खरं आहे त्यात." म्हणून लिहितोय.

शाळेला शिक्षक एकच, साबळे गुरुजी. शिडशिडीत, पांढऱ्या मिशा, आणि उन्हातही काखेत छत्री. फळाही एकच होता. तो गुरुजी सकाळी विहारात लावत आणि दुपारी डोक्यावर धरून देवळात नेत. पावसात छत्री फळ्यावर आणि गुरुजी भिजलेले, असं ते वर्ष गेलं होतं.

शाळा फुटली कशी, तेही गुरुजींनीच सांगितलं. एके दिवशी मधल्या सुट्टीत स्लॅबचा मोठा तुकडा खाली आला. मुलं बाहेर खिचडी खात होती म्हणून वाचली. ज्या बाकावर तो पडला त्याचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सगळी मुलं देवळाच्या सभामंडपात नेली. देवळाच्या मंडळींनी जागा दिली, आणि मनापासून दिली. फक्त एवढंच सुचवलं, की आत गर्दी नको, वस्तीवरची मुलं बाहेरच्या ओट्यावर बसू देत.

बौद्ध वस्तीवरच्या मुलांत हिरामावशीची नात होती. मावशी आली, नातीचं दप्तर उचललं, तिचा हात धरला आणि निघाली. तिच्यामागून वस्तीवरची सगळी मुलं उठली. त्यांनी विहार उघडला आणि गावाला निरोप धाडला, की सगळ्यांनीच या, जागा मोठी आहे, पंखेही आहेत. गावठाणातलं एकही मूल गेलं नाही.

दोन्हीकडची कारणं मी पुढे चहा पीत पीत ऐकली. एका बाजूचं कारण जुनं होतं आणि खरं होतं. दुसऱ्या बाजूचं नुसतंच जुनं होतं.

"मेअखेरीला मी रिटायर होतोय," गुरुजी मला म्हणाले. आम्ही जुन्या शाळेच्या अंगणात उभे होतो, आत जायला बंदी होती. "मी आलो तेव्हा माझ्या ताब्यात एक शाळा दिली होती. जाताना दोन करून जाऊ का? मला एक दिवस द्या. सगळी पोरं एका छपराखाली बसलेली एक दिवस बघतो आणि जातो."

"मे म्हणजे सुट्टी असेल ना, गुरुजी?"

"मी बोलावलं तर येतील. तुम्ही छप्पर द्याल का, ते सांगा."

"लाकूड आहे, गुरुजी. सिमेंटसारखं वाट बघायला लावत नाही," मी म्हणालो. कॉटेजच्या गिऱ्हाइकांना टाकायचं माझं ठेवणीतलं वाक्य ते. त्यांनी ते छत्रीसकट काखेत घेतलं आणि तेव्हापासून मी बांधला गेलो.

आता लाकूडच का, ते सांगतो. शाळेची जागा उतारावरची, पुढचा भाग भराव टाकून केलेला. जुन्या शाळेचा एक कोपरा त्या भरावात खचला होता. तिथं पुन्हा स्लॅबचं ओझं ठेवलं असतं तर नवा कोपराही जुन्याच्या वाटेनं गेला असता. शिवाय वाडीच्या अलीकडे जे वळण आहे, तिथं सिमेंटची मोठी गाडी वळत नाही. त्यामुळे शाळेसाठी पैसे देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, हलकं काहीतरी करा. लाकडी सांगाडा हलका असतो. खांब, तुळया आणि छप्पर पेलणाऱ्या तिकोनी कैच्या यांचा तो पिंजरा. सगळा भार त्याच्यावर, भिंती म्हणजे अंगावरचे कपडे. आम्ही लोणावळ्याच्या वखारीत सगळं लाकूड कापतो, एका तुकड्याला जीभ आणि दुसऱ्याला खाच करतो, एकदा तिथंच जोडून बघतो, खुणा करतो, पुन्हा सोडवतो आणि पिकअपमधून जागेवर नेतो. खांबाचा पाय जमिनीत पुरायचा नाही, दगडी चौथऱ्यावर ठेवायचा. पावसात भिजलेलं लाकूड वाळतं. ओलीत उभं राहिलेलं कुजतं.

गावाला हे काही पटलं नाही. बबनआबा म्हणून गावठाणातले वडीलधारे होते. ते पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आमच्या बापानं लाकडाची घरं बांधली. आमी ती पाडून स्लॅबची केली. आन् तुमी आमची पोरं परत खोपटात घालाया निघालात?"

"आबा, लोणावळ्यात मोठमोठे लोक हौसेनं लाकडी घरं बांधून घेतात."

"त्येंचं दुसरं घर आसतं म्हनून!" आबा म्हणाले, आणि सगळी बैठक हसली. वस्तीवरचे लोकही हसले. माझ्यावर हसायला सगळे एकत्र येतात हे मला तेव्हाच कळलं, पण त्याचा उपयोग कसा करायचा ते सुचलं नाही. पाडलेल्या घरांचे सागवानी खांब अशाच वाड्यांमधून विकत घेऊन मी तुंगार्लीच्या बंगल्यांत लावतो, आणि बंगल्यावर आलेले पाहुणे त्यांवरून हात फिरवतात, हे काही मी आबांना सांगितलं नाही.

जुनी शाळा पाडायला घेतली तेव्हा आबा रोज येऊन समोरच्या दगडावर बसायचे. तो स्लॅब टाकताना ते होते. एवढं बांधकाम पाडताना कोण येऊन बसतं? ज्यानं घमेली वाहिली तोच.

स्लॅबचा मधला भाग उतरवला तेव्हा आम्हाला रोग सापडला. खोलीच्या बरोबर मधून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक सांधा गेला होता. स्लॅब एका दमात टाकायचा असतो. मधेच काम थांबलं आणि आधीचा माल सुकला, की नंतरचा माल त्याला धरत नाही. वरून एकजीव दिसतो, आत केसाएवढी फट राहते. आणि मावळातला पाऊस अशी फट बरोबर हुडकून काढतो. पाणी आत गेलं, सळ्या गंजल्या, गंजून फुगल्या आणि त्यांनी खालचं काँक्रीट ढकलून दिलं. ज्या बाकाचे दोन तुकडे झाले तो बाक याच रेषेखाली होता.

"आबा," मी विचारलं, "स्लॅब टाकताना काम मधेच थांबलं होतं का?"

आबांनी तंबाखू मळायला घेतली. "जेवाया थांबलं हुतं."

"जेवून परत लावलं असेल ना?"

"जेवनावरनंच तर थांबलं."

माझ्या कामावरचा सुरेश मिस्त्री घण टेकवून उभा राहिला. आबा मळतच होते.

"समदा गाव हुता त्या दिशी. गावठानबी आन् वस्तीबी. येक रांग, हितनं थेट वर. घमेलं ह्याच्या हातनं त्याच्या हातात. कोन कुनाचं कुनी बघितलं न्हाई. लय माल चढला दुपारपत्तूर. मग जेवान. आमटी-भात, गुळाचा शिरा. आन् पंगत बसाया लागली तवा कोनतरी म्हनालं, वस्तीवाल्यांची पंगत मागनं बसवू, पलीकडल्या अंगाला."

"मग?"

"मग काय. त्येंनी हात धुतलं आन् गेली निघून. शिरा तसाच ऱ्हायला. रांग अर्धी झाली, वरपत्तूर पुरंना. ऱ्हायलेला स्लॅब दुसऱ्या दिशी भाड्याची मानसं लावून टाकला."

"कोण म्हणालं होतं, आबा?"

"कोनतरी म्हनालं," आबा म्हणाले, आणि तंबाखू तोंडात न टाकताच हात झटकून उठले. उरलेला स्लॅब उतरवायचा होता तेवढे दिवस ते दगडावर बसायला आले नाहीत.

स्लॅबची ती गोष्ट मी गुरुजींना सांगितली. त्यांना माहीत होती. गावात सगळ्यांनाच माहीत होती. स्लॅब गळतो कशानं, हे तेवढं कुणी तिच्याशी जोडून पाहिलं नव्हतं. दर पावसाळ्याआधी लोक त्या रेषेवर डांबर ओतत राहिले.

सांगाडा उभा करायच्या दिवशी मला पुष्कळ माणसं लागणार होती. यात अशी पद्धत असते. अख्खी चौकट जमिनीवर आडवी जोडायची आणि मग बांबूंनी रेटत उभी करायची. दुसऱ्या बाजूनं दोर धरायला माणसं लागतात, नाहीतर उभी राहिलेली चौकट तशीच पलीकडे जाते. क्रेन त्या वळणावरून येणार नव्हती. गुरुजी म्हणाले, "दोन्हीकडची माणसं बोलावतो मी. काम झाल्यावर गावाला जेवण घालायची रीत आहे, तेवढं बघा."

"जेवण नाही, गुरुजी. वडापाव. कागदात. उभ्यानं."

गुरुजी इतके हसले, की छत्री खाली पडली. त्यांना मी एवढं एकदाच हसताना पाहिलं.

माणसं आली. कुणी कुठं उभं राहायचं हे सुरेश मिस्त्रीनं ठरवलं. तो चिपळूणकडचा, त्याला गावाचं काही घेणंदेणं नाही. तो फक्त उंची बघतो. "तू लांबडा, हिकडे ये. तू त्याच्या जोडीला." त्यामुळे आबांचा मुलगा आणि हिरामावशीचा मुलगा एकाच बांबूवर आले. मिस्त्री ओरडायचा, "रेटा!", दोरवाले पाय रोवायचे, आणि चौकट कुरकुरत वर यायची. तोल मधेच डोंगराच्या बाजूला गेला तेव्हा मावशीच्या मुलानं नुसतं "बाळ्या, धर!" म्हटलं आणि आबांच्या मुलानं खांदा लावला. म्हणजे त्याचं घरचं नाव त्याला माहीत होतं. एकाच शाळेत शिकले होते ना दोघं, त्याच स्लॅबखाली.

दुपार कलेपर्यंत सगळा सांगाडा आभाळाला टेकून उभा राहिला. वडापाव मात्र दोन घोळक्यांत खाल्ला गेला. उभ्यानं का होईना.

मग दारांचं निघालं. आधी आबा आले, एकटेच. "दार ह्या अंगाला हाय त्ये बेस हाय. पर पलीकडंबी येक टाका की. पोरांची गर्दी नगं व्हायला." त्याच आठवड्यात हिरामावशी आली, तीही एकटीच. "भाऊ, आमच्या अंगाला येक दार काढ. आमच्या पोरांनी त्येंच्या आंगनातनं कशापायी जायाचं? कुनी काय बोललं तर मग मला भांडाया यावं लागंल, आन् आता माझं गुडघं दुखत्यात."

दोघांना हवं ते एकच होतं. गुरुजींनी दोघांनाही नाही म्हणून सांगितलं. त्यांना एकच दार हवं होतं, म्हणजे निदान चपला तरी एके जागी निघतील. पण तेवढ्यात कंपनीचा इंजिनिअर आला आणि म्हणाला, लाकडी इमारत आहे, आग लागली तर मुलं बाहेर कशी काढणार? दोन दारं पाहिजेतच. यात चुकीचं काहीच नव्हतं. मी स्वतः कॉटेजलासुद्धा दोन दारं ठेवतो.

"आगीसाठी ना?" गुरुजी म्हणाले. "मग काढा." एवढंच बोलून ते फळा घेऊन देवळाकडे गेले.

पुढची चूक सर्वस्वी माझी. शाळेच्या छपराचे दोन उतार सारखे नव्हते. डोंगराकडून पाणी येतं म्हणून त्या बाजूचा उतार लांब ठेवला होता, नकाशात तसं होतंही. पण पत्र्यांची ऑर्डर मी गाडी चालवता चालवता, फोनवरून, आठवणीनं दिली. पत्रे आले, गावठाणाच्या बाजूला अगदी चपखल बसले. डोंगराच्या बाजूला वर चढवले तर वीतभर आखूड. पंचवीसेक वर्षं या धंद्यात घालवल्यावर माणूस एका वितीनं पडतो तेव्हा फार लागतं.

"शेट," वरून मिस्त्री म्हणाला, "ही बाजू झाली. त्या बाजूला आभाळ."

नवे पत्रे जूनआधी मिळायचे नाहीत. मेअखेर तोंडावर आलेली. मी उघड्या बाजूवर ताडपत्री बांधली. ती रात्रीच्या वाऱ्यानं खालच्या भातखाचरात जाऊन पडली. मी गुरुजींसमोर जाऊन उभा राहिलो. माझी मुलं प्रगतिपुस्तक घेऊन माझ्यासमोर उभी राहायची तसा.

"अर्धं छप्पर झालंय?"

"अर्धं झालंय, गुरुजी."

"मग उद्या भरवतो. परवा मी नसणार."

दुसऱ्या दिवशी मुलं आली. गुरुजींनी सुट्टीत बोलावलं तरी खरंच आली, धुतलेले कपडे घालून. गावठाणातली त्यांच्या दारानं आली, वस्तीवरची त्यांच्या दारानं. आग कुठंही लागलेली नव्हती. आपापल्या दाराजवळ बसली, आणि मधे एखादी जीप जाईल एवढी जमीन मोकळी राहिली. वस्तीचं दार डोंगराच्या बाजूला होतं, त्यामुळे तिकडच्या मुलांच्या डोक्यावर नुसत्या कैच्या आणि आभाळ. हिरामावशी दारात आली, वर बघितलं, मग माझ्याकडे.

"आमच्याच अंगाला आभाळ ठिवलं व्हय रं, भाऊ?"

मी तिला विती आणि उतार समजावून सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं. "आसू दे," ती म्हणाली. "समद्यांचंच चुकतंया, पर बरूबर आमच्याच अंगाला."



गुरुजी मधल्या मोकळ्या जागेत उभे होते. हजेरी घेतली. मग म्हणाले, "जरा सरकून बसा बघू, जवळ जवळ." मुलं सरकली. प्रत्येक बाजू आपल्यातच सरकली. मधली जीप जाऊन आता ट्रक जाईल एवढी जागा झाली. गुरुजींनी पुन्हा सांगितलं नाही. त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण ते तिकडे तोंड करून बोलले की इकडच्यांना ऐकू येईना, इकडे वळले की तिकडच्यांना. वर्षभर त्यांनी जे केलं तेच चाललं होतं, फक्त चालायचे कष्ट वाचले होते. मी बाहेर जाऊन पिकअपच्या आडोशाला उभा राहिलो. मला ते बघवेना.

वळीव आला तो डोंगरावरून, गारांसकट. मातीचा सुगंध वगैरे मला काही आला नाही. माझ्या डोक्यात फक्त उघड्यावर पडलेल्या फळ्या होत्या, त्या झाकायला मी धावलो. परत येऊन बघतो तो उघड्या बाजूची सगळी मुलं किंचाळत पत्र्याखाली घुसलेली. अर्ध्या छपराखाली अख्खी शाळा. सरकायला जागा नव्हती. हिरामावशीची नात आबांच्या नातवाला खेटून बसली होती आणि तो ओरडत होता, "ये, केस झाडू नगं ना, समदं पानी माझ्यावं!" आणि ती मुद्दाम झाडत होती.

मोठी माणसंही दोन्ही दारांतून आत आली, जाणार कुठं? मावशी अजून पागोळीखाली उभी होती.

"हिरा," आबा म्हणाले, "हिकडं सरक. भिजशील."

"भिजले तर काय इरघळंन व्हय, आबा?"

"तू न्हाई इरघळायची. पर सरक."

मावशी सरकली. आबांनी डोक्यावरची टोपी काढून पिळली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी शिरा लय ऱ्हायला हुता." मावशी म्हणाली, "ठावं हाय." एवढंच. मी शेजारी होतो म्हणून ऐकू आलं, पत्र्यावर गारांचा एवढा आवाज होता.

गुरुजी उघड्या बाजूला होते. छत्री काखेत, बंद. नखशिखांत भिजत ते त्या घोळक्याकडे बघत उभे होते. मी हाक मारली, "गुरुजी, आत या!" त्यांनी हातानंच थांबा म्हटलं. आत जागा राहिली नव्हती, हे एक. दुसरं, त्यांना एक दिवस हवा होता आणि तो त्यांना जिथून दिसत होता तिथून ते हलणार नव्हते.

पाऊस थांबल्यावरही मुलं परत गेली नाहीत. तिकडची जमीन ओली होती. दुपारपर्यंत ती तशीच बसली, गुरुजींना एकाच दिशेला तोंड करून गोष्ट सांगता आली. मग त्यांनी फळा पुसला, छत्री घेतली आणि टाकव्याला जाणाऱ्या जीपमध्ये पुढे बसून निघून गेले.

जूनमध्ये नवे पत्रे आले. या वेळी मी स्वतः वर चढून मोजलं होतं. उरलेली बाजू झाकली, पन्हळी लावल्या, आतून फळ्यांचं आढ्यापर्यंत अस्तर केलं. काम चांगलं झालं. हे मी म्हणतो म्हणून नव्हे, इंजिनिअरनं फोटो काढून नेले.

ऐन पावसात, दारं फुगलीत का बघायला म्हणून मी वाडीवर गेलो. लाकडी दार पावसात फुगतं, अशी खेप मी प्रत्येक कामाला ठेवतो. बाहेर कोसळत होतं, आत एक थेंब नव्हता. दोन्ही दारं अलगद उघडत होती. एका दाराशी एक चपलांचा ढीग, दुसऱ्या दाराशी दुसरा. आत मुलं बसली होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मधे मोकळी जागा. नव्या बाई तरुण होत्या, मनापासून शिकवत होत्या. मी बघतोय म्हणून त्यांना काही वेगळं वाटलं असावं.

"अशीच बसतात, सर. मी दोनतीनदा बदलून बसवलं, मधल्या सुट्टीनंतर परत तशीच. सवय आहे त्यांना. पण बरं पडतं, मला फिरायला मधे जागा मिळते."

हिरामावशीची नात खिडकीतून बाहेर बघत होती. तिचे केस कोरडे होते.

त्या संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. ते आता मुलाकडे, शहरात.

"पाऊस कसा आहे? गळत नाही ना?"

"थेंबसुद्धा नाही, गुरुजी."

"वा. आणि बसतात कशी?"

मी म्हणालो, "घाटात आहे गुरुजी, रेंज जातेय." मी घरातल्या सोफ्यावर बसलो होतो.

फोन ठेवला तर समोर ही. तिनं सगळं ऐकलं होतं. ही माणसाला खोटं बोलताना पकडते आणि पुढचं खरं वदवून घेते, पंचवीसेक वर्षांचा अनुभव आहे. मी सांगितलं. चपलांचे ढीग, मधली जागा, नव्या बाई, सगळं. काम किती नेटकं झालंय, डोंगराच्या बाजूचा पत्रा आता कसा वीतभर पुढे आलाय आणि गार वाऱ्याची एक झुळूकही आत येत नाही, तेही सांगितलं.

ती वाटाणे सोलत होती. सोलता सोलता थांबली.

"मग ते उरलेलं छप्पर घातलंत कशाला?"